चौथ्या मजल्यावरचं पोटलं

सुरतेत कोसाडच्या त्या वसाहतीत चार मजल्यांना लिफ्ट नाही, आणि उषाबाईंचं घर चौथ्यावर. दर मंगळवारी मगनचा टेम्पो साड्यांचं पोटलं फाटकाशी टाकून जायचा. साड्यांवर खडे चिकटवायचे, पुढच्या मंगळवारी सकाळी वाल्मिक कामावर जाताना झालेलं पोटलं मगनकडे पोचवायचा. चढवायचं काम आजवर उषाबाईंचं. पण सुनेचा, धनश्रीचा, सव्वा महिना उलटला, बाळ दोन महिन्यांचं झालं, तसं उषाबाई जेवताना मुलासमोर, वाल्मिकसमोर, तिला म्हणाल्या, "मंगळवारपासून पोटलं तू आन. मन्हा पाय दुखतस."

वाल्मिक भाकरी मोडत राहिला. बारा तास लूमवर उभा राहून आलेल्या माणसाला याहून जास्त ऐकू येत नाही.

धनश्री नंदुरबारला बी.एस्सी. झालेली पोर, पण हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाळाला चिमटा लावून ओढून काढलं होतं. तेव्हापासून शिंक आली की परकर ओला. हसू आलं तरी ओला. म्हणून ती पाणीच कमी प्यायला लागली होती. बाळाला पाजताना मोबाईलवर शोधायची, वाचायची, आणि कुणी आलं की मोबाईल पालथा टाकायची.

पण तिला बघायची सवय होती. सासूचे पाय दुखत नव्हते, हे तिने कधीच बघून ठेवलं होतं. उषाबाई पोटलं घेऊन दोन मजले सरळ चढत. तिसऱ्यावर पोटलं टेकवत, तोंड भिंतीकडे करत, एक पाय पायरीवर ठेवत आणि हात लुगड्यात मागून खाली नेत. क्षणभरच. मग पुन्हा पोटलं डोक्यावर. आणि दोरीवर, परकराच्या आड, चौपदरी मऊ चिंध्या वाळत असायच्या. पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईच्या.

सोमवारी तिने विचारलं, "आई, खरंच पाय दुखतात तुमचे?"

उषाबाईंचे हात खड्यांवरून थांबले नाहीत. "अंग बाहेर येस," त्या म्हणाल्या, दूध उतू गेलं म्हणावं तशा. "वाल्मिकच्या वखतले बाराव्या दिनले पान्याचा हंडा उचलना मी. तवपासून. पाळी गई, मंग जास्तच."

"मग काय करता?"

"आत लोटी देस. दुसरं काय."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कोले सांगू? तुन्हा सासराले? तो ते फोटोमा गया." त्या हसल्या. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तू पानी काबरं पीत नही? मी बी तेच करे."

धनश्रीला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बाळाला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं. "मासी, पिशवी पार बाहेर आलीय. ऑपरेशनच करावं लागेल. नंतर तीन महिने काही उचलायचं नाही." मग धनश्रीला म्हणाल्या, "बाळंतपणात खालचे स्नायू ताणले जातात, वय झालं की आणखी पातळ होतात. तुझे ढिले आहेत, पण अजून सावरतील. लघवी अडवल्यासारखे आत ओढायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. रोज तीन वेळा. आणि सध्या वजन उचलायचं नाही. नाहीतर…" त्यांची नजर उषाबाईंकडे गेली. वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

रिक्षातून उतरल्या तर फाटकाशी मगनचा टेम्पो उभा. "मासी, जल्दी करो, मारे भेस्तान जवानुं छे," म्हणत त्याने पोटलं खाली सोडलं आणि भेस्तानच्या वाटेला लागलाही.

दोघी पोटल्याकडे बघत राहिल्या.

"रात्री हे आणतील," धनश्री म्हणाली.

"तवलग आठे राही? मागल्या सालले इथूनच गयं एक. आनि त्याले काय सांगशी, मायनं अंग बाहेर येस म्हनीसन?"

"मग इथंच गाठ सोडू. थोड्या थोड्या नेऊ."

"धुळीमा? आनि वीस खेपा चार मजला चढशी? तेच व्हयनं ना मंग." उषाबाईंनी दवाखान्याचा कागद घडी करून बाळाच्या दुपट्यात खोचला. पदर कमरेला आवळला. "तुन्हं अजून जागावर शे, बेटा. मन्हं ते गयं. सर बाजूले."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या…"

"म्हन्या. सर."

धनश्री सरली. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं तिला. आपल्याला उचलावं लागलं नाही, याचं हायसं. ते ओळखताच तिला स्वतःची किळस आली. पण हायसं वाटायचं थांबलं नाही.

सासू पुढे, डोक्यावर पोटलं. मागे ती, कुशीत बाळ. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर उषाबाईंनी पोटलं टेकवलं. कुणी सांगायच्या आत धनश्रीने वळून सासूकडे पाठ केली, जिन्यात वर-खाली कुणी येत नाही ना बघत उभी राहिली. मागे लुगड्याची सळसळ झाली, दात आवळून सोडलेला एक श्वास ऐकू आला.

धनश्रीने खालचे स्नायू आत ओढले. एक. दोन. तीन. चार. पाच.

"चाल," मागून उषाबाई म्हणाल्या.