जिन्याजवळची भिंत

सरकारी कलाशाळेतली जिन्याजवळची भिंत दरवर्षी शेवटच्या वर्गाने रंगवायची, अशी पहिल्यापासूनची रीत. आधीचं चित्र कितीही देखणं असो, त्यावर पांढरा हात मारायचा आणि मग आपलं काढायचं. शाळा साबणाच्या जुन्या गोदामात सुरू झाली तेव्हा धड अशी ही एकच भिंत होती म्हणे. पुढे पाट्या रंगवणारे, छपाईवाले, नाटकाचे पडदे करणारे कितीतरी जण इथून पोटापाण्याची विद्या घेऊन गेले, पण शाळेचा इतिहास जपायचं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वर्धापनदिन तोंडावर आला आणि मुख्याध्यापकांची झोप उडाली. "पाहुण्यांना दाखवू काय, माझं डोकं?" मग त्यांनाच सुचलं, भिंत खरवडायची. जुने थर जागोजागी उघडे करायचे, की झाला इतिहास!

एरवी त्यांच्या कुठल्याही कल्पनेला नाक मुरडणाऱ्या रंगकामाच्या बाई या वेळी चटकन हो म्हणाल्या. बाई इथेच शिकल्या. त्या एकदा नापास झाल्या, त्यामुळे धाकटी बहीण त्यांच्याच वर्गात आली होती आणि त्यावरून ती त्यांना मनसोक्त चिडवायची. शाळा संपली त्याच वर्षी ती तापाने गेली. तिच्या हातचं काहीच घरात उरलं नव्हतं. खिडकीकडचा कोपरा तेवढा तिने एकटीने रंगवला होता. तो पुन्हा एकदा डोळे भरून पाहायचा, एवढीच बाईंची इच्छा होती.

बाकी भिंतीवर पोरांचा घाम निघत होता. बाईंनी मात्र कोपऱ्यात पातं लावलं आणि वरचे सगळे थर पापडासारखे सुटून आले. खाली दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या चादरी, अगदी काल रंगवल्यासारख्या. एका चादरीखालून दोन जाडजूड पाय दिसत होते. ते बाईंचेच.

बाईंनी बोट फिरवलं. तेलरंग! साध्या रंगाची निळाई फिकी वाटली म्हणून पठ्ठीने दारं रंगवायचा डबा उचलला असणार. तेलरंगावर पाण्यातला रंग धरतो कशाला? म्हणून तर या कोपऱ्याचे दरवर्षी पोपडे निघत, आणि बाई दरवर्षी पोरांना कामचुकार म्हणून फैलावर घेत.

"कार्टे, तुझ्यापायी किती जणांनी माझ्या शिव्या खाल्ल्या गं!" बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या.

समारंभ छान झाला. पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, या कोपऱ्यावर काच बसवून टाकू. राहील कायमचं."

"नको, सर. भिंत या वर्षीच्या पोरांची आहे."

दुसऱ्या दिवशी शेवटचा वर्ग बादल्या घेऊन आला. एक मुलगी कोपऱ्यासमोर पॉलिश पेपर घेऊन बसली. बाईंनी शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. "बाई, तेलरंग आहे. आधी नीट घासून घेते, म्हणजे वरचा रंग धरेल."

बाईंनी तिचा हात धरला. "घासू नकोस. लाव तसाच."

"मग पुन्हा पोपडे निघतील ना, बाई?"

"निघू देत."