हिरवं बटण

सरलाबाईंनी झाशीच्या मुलींच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं आणि कुणाला कधी अर्धा गुण फुकट दिला नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या लेकीलाही नाही. प्रेम नगरच्या बाजारात त्या दिसल्या, की आजही पन्नाशीच्या बायका भाजीची पिशवी सावरून सरळ उभ्या राहतात. अशा बाईने आपल्या भाचीला वर्षभर खोटे गुण दिले, हे सांगितलं तर त्यांच्या विद्यार्थिनींना खरं वाटणार नाही.

भाची म्हणजे धाकट्या भावाची इरा. ग्वाल्हेरला यंत्रमानवांच्या विषयात पीएचडी करत होती. घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला, की पीएचडी ही तिची एकुलती एक ढाल, आणि तिची मुदत संपत आलेली. तिचं यंत्र काही सिनेमातल्यासारखं चालतंबोलतं नव्हतं. गुडघ्याला बांधायचा पट्टा, त्याला दोन्ही बाजूंनी मोटरी आणि हातात धरायची एक डबी. डबीवर दोन बटणं. म्हातारपणी आखडलेला गुडघा यंत्र हळूहळू वाकवणार. झेपलं तर हिरवं दाबायचं, दुखलं तर लाल. यंत्र ते लक्षात ठेवणार आणि पुढच्या वेळी किती वाकवायचं ते स्वतःच ठरवणार.

"म्हणजे याची मास्तरीण मीच," सरलाबाई खूश होऊन म्हणाल्या होत्या.

"हो आत्या. तू जे सांगशील, बस वही सीखेगा ये."

मग इरा दर रविवारी यंत्र घेऊन झाशीला येऊ लागली. पहिल्या दिवशी सरलाबाईंनी इमानेइतबारे लाल बटण दाबलं, कारण दुखलं होतं. इराचं तोंड एवढंसं झालं. "फिर से करावं लागेल सगळं," असं पुटपुटत ती संध्याकाळपर्यंत लॅपटॉपपुढून हलली नाही. आत्याने हौसेने केलेलं थालीपीठ ताटात वाळून गेलं. ते सरलाबाईंनीच उचलून आत नेलं.

पुढच्या रविवारी गुडघ्यातली कळ थेट मस्तकात गेली आणि सरलाबाईंचा अंगठा हिरव्यावर गेला. मागे लॅपटॉपपाशी बसलेली पोर हसली. दुपारी तिने दोन थालीपिठं मागून घेतली. मग काय, दर रविवारी हिरवंच. यात आपण काही खोटं करतोय, असं त्यांना वाटलंही नाही. घरातल्या पोरीने पहिली पोळी करपवली तरी आपण छान झालीय म्हणून खातोच की. इरा गाडीला गेली, की त्या गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर घेऊन पडून राहायच्या. तेवढीच आपली पोरीला मदत, असं समाधान असायचं.

बाकी चारदोन म्हातारी माणसं पट्टा बांधून पाहायला एकदा आली, कंटाळली आणि गेली. आत्याने मात्र एक रविवार चुकवला नाही. त्यामुळे म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल त्या यंत्राला जे काही ठाऊक होतं, ते बहुतेक सगळं सरलाबाईंनीच सांगितलेलं होतं.

मग एका दवाखान्यात यंत्राची खरी परीक्षा झाली. एरच गावच्या कमलबाईंच्या पायाला पट्टा बांधला. त्यांनी दुखताक्षणी लाल बटण दाबलं, यंत्र थांबलंही, पण तोवर सरलाबाईंनी शिकवलेल्या मापाने त्याने गुडघा एकदा वाकवला होता. कमलबाईंच्या गुडघ्यातला स्नायुबंध फाटला. चाचणी त्याच दिवशी बंद झाली.

इरा आठवड्याच्या मधेच झाशीला आली. आल्याआल्या तिने आत्याच्या पायाला पट्टा बांधला, यंत्र सुरू केलं आणि या वेळी मागे न जाता समोर स्टूल घेऊन बसली. सरलाबाईंचा अंगठा सवयीने हिरव्यावर गेला. इरा लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहतच नव्हती. आत्याचे पांढरे पडलेले ओठ आणि दुसऱ्या मुठीत आवळलेली चादर पाहत होती. तिने यंत्र बंद केलं.

"किती दुखतंय, आत्या?"

"छे गं, इतकं काही..."

"आत्या."

सरलाबाईंनी मान खाली घातली. "खूप. पहिल्यापासूनच."

"मला सांगायचं ना. क्यों नहीं बताया?"

"तुझं काम अडू नये म्हणून, बेटा."

इरा खाली बसून पट्टे सोडवू लागली. "तुला कुठे, किती दुखतं, यही तो माझं काम होतं, आत्या," ती म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर सरलाबाईंना बरं वाटलं असतं. तो चढला नाही. "आणि मी पण एकदा समोर येऊन पाहिलं नाही."

वर्षभराचं काम रद्द झालं. मुदत वाढवून मिळाली तर नव्या माणसांवर पहिल्यापासून सुरुवात, नाही तर पदवीविना घरी परत.

सरलाबाईंना घास गिळवेना. आपल्या मायेने आपण पोरीचा घात केला आणि वर एका परक्या बाईचा पाय अधू केला, हे मनातून जाईना. शेवटी काठी टेकत त्या एरचला जाऊन आल्या आणि कमलबाईंपुढे सगळं कबूल केलं. कमलबाईंनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. "अरे बहनजी, अब तो बिल्कुल ठीक है, दर्द-वर्द कुछ नहीं," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. खाटेवरून मात्र त्या एकदाही उठल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये सरलाबाई खिडकीकडे तोंड करून रडल्या.

आता इरा रविवारी येत नाही, फोन करते.

"जेवलीस का?" सरलाबाई विचारतात. मग जरा थांबून, "मुदतीचं काय झालं गं? मिळाली का?"

"सब बढ़िया, आत्या. तू काळजी नको करूस."

ओळीवरून बोट फिरवत चुकलेलं गणित पकडणाऱ्या सरलाबाई फोन तसाच कानाशी धरून बसतात. खरं काय ते सांग, असं त्यांच्या अगदी ओठांवर येतं. पण ते कुठल्या तोंडाने म्हणायचं, हे त्यांना कळत नाही. "बरं," म्हणून त्या फोन ठेवतात.