चोवीसशे ठोक्यांचा मोडेम

मी मोडेम बोलतोय. हो, तोच, टेलिफोनच्या तारेवर किरकिर करणारा. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, आता चार शब्द स्वतःचे बोलतो. ऐकायला वेळ असेल तर बसा.

आम्ही जुळे भाऊ. एकाच खोक्यातून आलो आणि आल्या दिवशीच आमची ताटातूट झाली. तो वर डोंगरातल्या ठाण्यात गेला, मी खाली गावातल्या पूर-सूचना कक्षात. ओढ्यांत बसवलेली यंत्रं पाणी मोजून त्याला सांगायची, तो तारेवरून मला सांगायचा आणि मी आकडा पडद्यावर टाकायचो. तो पाहून भोंगा वाजवायचा की नाही, हे माणसं ठरवायची.

मला बसवलं ते बाबांनी. ते कक्षाचे तंत्रज्ञ. पुढे त्यांची लेक इथेच इंजिनिअर म्हणून आली आणि तिचं ऐकून मीही त्यांना मनात बाबाच म्हणू लागलो. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर २४०० छापलेलं आहे, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं ‘चोवीसशे’. रोज सकाळी फडक्यानं धूळ पुसत विचारायचे, “काय चोवीसशे, झोप झाली का?”

आता हा आकडा कशाचा, ते सांगतो. तारेवरचा माझा सूर सेकंदाला चोवीसशे वेळा बदलतो. ते माझे ठोके. प्रत्येक ठोक्यात मी चार बिट घेऊन येतो. बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण. म्हणजे माझा खरा वेग सेकंदाला शहाण्णवशे बिट. बाबांना हे सुरुवातीला तोंडपाठ होतं. पण नाव जिभेवर बसलं आणि हिशोब कधी विसरला ते त्यांनाही कळलं नाही. माणसांचं असं होतं. लाडाच्या नावापुढे खरं नाव आठवत नाही.

बाबा निवृत्त झाले. मग माझ्या जागी उपग्रहाशी बोलणारी छोटी डिश आणायचं ठरलं. तिचं भाडं वेगाप्रमाणे, म्हणून जुन्याइतकाच वेग मागायचा होता. अर्जात जुना वेग नव्या मापात, मेगाबिटमध्ये, लिहायचा होता. लेकीनं घरी फोन लावला.

“बाबा, आपल्या मोडेमचा वेग किती हो?”

“चोवीसशे! डोळे झाकून लिही.”

तिनं दहा लाखांनी भागलं आणि लिहिलं, ०.००२४ मेगाबिट. भागाकार अगदी बिनचूक. मी टेबलावर बसून बघत होतो. चार पट कमी लिहिलंस गं पोरी, असं ओरडावंसं वाटलं. पण मला भावाचंच बोलणं पुढे देता येतं, स्वतःचं नाही.

डिश आली. आमच्या कक्षाची रीत अशी की नवं यंत्र आलं तरी जुनं काही काळ शेजारी चालू ठेवायचं. कोरड्या दिवसांत ओढ्यांकडे सांगण्यासारखं फारसं नसतं, त्यामुळे डिशला सगळं झेपलं. कक्षाचे साहेब खूश. म्हणाले, “त्या म्हाताऱ्याला आता काढून टाका.”

लेक मला काढायला आली त्या दुपारी डोंगरात धो धो कोसळत होतं. गावात मात्र ऊन होतं आणि नदीच्या पात्रात गालिचे धुणाऱ्या बाया खडकांवर गालिचे पसरत होत्या. तिचा हात माझ्या वायरवर होता आणि नजर पडद्यांवर. डिशच्या पडद्यावर नदी शांत. माझ्या पडद्यावर नदी धोक्याच्या रेषेला भिडलेली.

“जुनं डबडं आहे, काहीही बरळतंय,” साहेब म्हणाले. “मागे उगाच भोंगा वाजवला तेव्हा बायांनी कचेरीत येऊन माझी अब्रू काढली होती. आठवतंय ना?”

तिनं वायर सोडली आणि फोन उचलला. “बाबा, दोन यंत्रं दोन आकडे दाखवतायत. खरं कुणाचं मानू?”

पलीकडे बाबा ‘चोवीसशे, चोवीसशे’ असं पुटपुटू लागले. मग बाबा एकदम बोलले, “अगं, चोवीसशे ते ठोके! एकेका ठोक्यात चार बिट. तू वेग काय लिहिलास?”

तिला अर्जातला ०.००२४ आठवला. पावसात सगळे ओढे एकदम बोलायला लागतात. डिशची वाट चार पट अरुंद, त्यामुळे आकडे रांगेत तुंबले होते, आणि पडद्यावर जी नदी दिसत होती ती मघाची होती.

“साहेब, भोंगा!” असं म्हणून तिनं त्यांच्या हुकुमाची वाट न पाहता बटण दाबलं.

बाया ओल्या गालिच्यांसकट धावत वर आल्या. पाणी आलं तेव्हा पात्रात कुणी नव्हतं. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जिला सगळे मावशी म्हणतात, तरातरा कक्षात आली. “जरा आधी वाजवायला काय झालं होतं? माझा निळा गालिचा गेला की वाहून!” लेक हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं. मावशी गडबडली. पदरानं तिचे डोळे पुसत म्हणाली, “गप गं बाई. गालिचाच गेला ना!”

डिशचा वेग वाढवून घेतला, आणि मग मला काढलं. त्या दिवशी बाबा मुद्दाम आले होते, पण वायर ओढायचा धीर त्यांना होईना. शेवटी लेकीनंच ओढली.

आता मी सुट्या भागांच्या कपाटात आहे. नवी मुलं माझा वेग मेगाबिटमध्ये मांडतात, ०.००९६, आणि खो खो हसतात. मला राग येत नाही, खरंच सांगतो. मी हळू होतो, हे मान्य आहे. फक्त एक मागणं आहे. आमच्यासारख्यांना काढाल तेव्हा आधी नीट विचारून घ्या, आम्ही काय काय वाहत होतो. त्या दुपारी माझ्या तारेवर नुसते बिट नव्हते. निळ्या गालिच्यावर उभी असलेली मावशीही होती.