शिंपीकाकांनी शिवलेली खोळ

मी एक जुनी दुर्बीण आहे, पण मित्रांनो, मला चंद्र-तारे विचारू नका. बोटाएवढी जाड, माणसाच्या उंचीएवढी लांब अशी मी काळी नळी. टोकाला दिवा आणि इवलासा कॅमेरा. मोठ्या आतड्यात शिरायचं आणि तिथलं सगळं डॉक्टरीणबाईंना पडद्यावर दाखवायचं, हे माझं काम. नाक मुरडू नका. सिस्टर मला इतकं घासूनपुसून धुवायच्या, की तुमचे हातही तेवढे स्वच्छ नसतील.

एकदा शिंपीकाका आले. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. "दिवसभर मशीनवर बसतो, मूळव्याध असणार," म्हणत त्यांनी अंगावर काढलं. शेवटी लेकीने हाताला धरून आणलं. मी आत गेले, तर सगळं गढूळ. काही दिसेना. बाईंनी मला बाहेर काढलं.

"काका, पोट साफ व्हायचं औषध पूर्ण प्यायलात ना?"

"अर्धं. फार बेचव हो. उरलेलं कुंडीत ओतलं."

"तरीच गुलाब माना टाकून बसलाय," लेक म्हणाली.

दोन दिवसांनी लेकीने समोर बसून पेल्यावर पेला पाजला. या खेपेला एका वळणावर मला गाठ दिसली. तिचा तुकडा तपासला, तर कॅन्सर. मला फार वाईट वाटलं. पण तो अजून आतड्याच्या भिंतीतच होता, पुढे पसरला नव्हता.

सर्जननी ऑपरेशन समजावलं. काका म्हणाले, "म्हणजे खराब तेवढं कापायचं आणि दोन्ही टोकं शिवायची? हे तर माझंच काम. फक्त टाका उसवू देऊ नका."

टाका उसवला नाही.

वर्षाने काका पुन्हा तपासणीला आले, ते धाकट्या भावाला घेऊनच. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं बाईंनी बजावलं होतं. "यानं औषध पूर्ण प्यायलंय," काका म्हणाले. "याच्या घरातल्या कुंड्या मी आधीच उचलून नेल्या."

भावाच्या आतड्यात वाटाण्याएवढा मांसाचा कोंब, म्हणजे पॉलिप, होता. त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकला असता. बाईंनी माझ्यातूनच तारेचा फास घालून तो तिथल्या तिथे काढला. त्या दिवसाइतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

आता माझी कातडी चिरली आहे. नवी दुर्बीण आली, मी कपाटात पडून असते. काकांनी मला अस्तर लावलेली खोळ शिवून दिली, मापही न घेता.

मित्रांनो, घरात कोणी "मूळव्याधच असेल" म्हणत अंगावर काढत असेल, तर त्या लेकीसारखं हाताला धरून आणा. आणि कुंड्यांवर लक्ष ठेवा.