पावडरच्या डब्यातली मोटर

"मोटर गेलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही डायल उलटी फिरवलीत."

"छे हो, मावशी. मी हातसुद्धा लावत नाही त्याला," फोटो स्टुडिओवाला म्हणाला. त्याच्या दुकानाच्या पाटीचा दिवा अंधार पडला की आपोआप लागायचा आणि दुकान बंद झालं की विझायचा. गेला आठवडाभर तो दिवसरात्र जळत होता.

तिने त्या दिव्याचा टायमर उघडून त्याच्यासमोर धरला. मोटर आपली इमानेइतबारे फिरत होती, पण तिच्यापुढच्या पांढऱ्या चाकाचे दोन दात मोडले होते.

"हात लावत नाही, मग हे काय उंदरानं खाल्लं?"

"आता काय सांगू! हा टायमर म्हणजे आमची बायको आहे. स्वतःच्याच मनानं चालतो."

"तिलाही उलटं फिरवत असाल."

तो मोठ्याने हसला आणि मधेच थांबला. या घरातलं माणूस जाऊन अजून महिनाही झालेला नाही, हे त्याला आठवलं असावं. त्याने चप्पल उगाच पायाने सरळ केली. "काकांचं कळलं," तो म्हणाला. "वाईट झालं."

"हो. चाक बदलते. उद्या संध्याकाळी न्या."

तो गेल्यावर तिने दार लावलं आणि पुन्हा मेजाशी येऊन बसली. लग्नाआधीपासून ती टायमरच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. हिने वायरी जोडायची सोल्डरिंग आयर्न, पेचकसांचा संच आणि पोतंभर सुटे भाग मागून घेतले आणि बाहेरच्या खोलीत मेज टाकलं. तेव्हापासून पाट्यांचे, पाण्याच्या पंपांचे, माशांच्या काचपेट्यांचे, कोंबड्यांच्या शेडमधले, असे सगळे टायमर तिच्या हाताखालून जात आले. मेजावर दोन डबे होते. चांगल्या मोटरी बिस्किटांच्या डब्यात आणि जळलेल्या मोटरी पावडरच्या डब्यात. खराब मोटर चांगल्यांत गेली तर गिऱ्हाईक शिव्या देतं, ती म्हणायची, आणि चांगली मोटर खराबांत गेली तर आपणच आपल्याला द्याव्यात.

नवरा रंगाच्या कारखान्यात होता. त्या रंगानेच त्याची फुप्फुसं खाल्ली. शेवटची दोन वर्षं तो आतल्या खोलीत पलंगावर होता आणि शेवटचे काही महिने ऑक्सिजनच्या मशीनवर. तिथूनही त्याची थट्टा चालू असायची.

"मी गेलो की मला कुठल्या डब्यात टाकशील गं?"

"तुमचं काय ठरवायचं? धड चांगले नाही, धड खराब नाही."

"मग मेजावरच राहू दे," तो म्हणायचा, आणि हसताना त्याला धाप लागायची.

तो गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. याची सगळ्यात जास्त काळजी तिच्या नणंदेला. येता-जाता ती म्हणायची, "वहिनी, एकदा मोकळ्या व्हा." जणू काही नळाला पाणी यायचं राहिलं होतं. हिने प्रयत्न करून पाहिला. फोटोकडे पाहिलं, त्याचा चष्मा हातात घेतला. चष्म्याची दांडी सैल झाली होती, तर तिने पेचकस घेऊन तिचा स्क्रू आवळला आणि चष्मा जागेवर ठेवला. चहा समोर यायचा, निवायचा, साय धरायचा. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त आत काही पोचत नव्हतं.

नणंद शेवटी परवा तिच्या घरी गेली. दारात उभी राहून डोळे पुसत म्हणाली, "माझा भाऊ भाग्याचा हो. काडीचा त्रास नाही, झोपेतच गेला. आणि पोरगा उशाशी."

मुलगा तिच्या पिशवीशेजारी उभा होता. त्याने पिशवी उचलली आणि तो जिना उतरायला लागला.

दिवा उशिरा लागतोय हे तिच्या लक्षात आलं ते त्याच संध्याकाळी. आतल्या खोलीत पलंगाच्या वर भिंतीवर एक लहानसा दिवा होता, तो तिने टायमरला जोडला होता. दिवेलागणीला खोलीत अंधार झाला की नवऱ्याचा जीव घाबरा व्हायचा आणि बटणापर्यंत त्याचा हात पोचायचा नाही. साडेसहाला दिवा लागायचा. "आली तुझी नर्स," असं तो म्हणायचा. रोज सकाळी औषध देताना ती घड्याळाकडे बघून डायल जुळलेली आहे ना हे पाहायची. तो गेला त्या सकाळीही पाहिली होती, आणि जुळलेली होती. नंतर घर माणसांनी भरलं, ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू राहिल्या आणि त्या दिव्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

नणंद गेल्यावर ती त्या पलंगावर जाऊन बसली. साडेसहा वाजले. दिवा लागला नाही. खिडकी काळी झाली तरी ती तशीच बसून राहिली, कारण उठून काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. दिवा लागला तेव्हा पावणेआठ झाले होते. दुसऱ्या दिवशीही पावणेआठच.

आज स्टुडिओवाला गेल्यावर तिने तो टायमर काढून मेजावर आणला. सवयीने सगळं तपासलं. मोटर फिरत होती. चाकांचे दात शाबूत होते. स्विचचे कॉन्टॅक्ट जरा काळवंडले होते, ते तिने पॉलिश पेपरने घासले. टायमरमध्ये काहीही बिघाड नव्हता.

मग तिचे हात थांबले. मोटर मागे पडत नाही, ही गोष्ट तिने शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. लाइट असली की ती ठरल्या वेगानेच फिरते, आणि लाइट नसली की थांबते. बिघाड असता तर दिवा रोज थोडा थोडा आणखी उशिरा लागला असता. हा सव्वा तास तेवढाच राहिला होता. म्हणजे टायमर मधे एकदाच, सव्वा तास थांबला होता.

आणि तिच्या मेजावरचा टायमर, जो बाहेरच्या खोलीच्या लाइनवर वर्षानुवर्षं चालू होता, तो घड्याळाला बरोबर जुळत होता. म्हणजे लाइट गल्लीची गेली नव्हती, अख्ख्या घराचीही गेली नव्हती. गेली होती ती फक्त आतल्या लाइनची. आतली खोली आणि स्वयंपाकघर एका लाइनवर होते. स्वयंपाकघरात इस्त्री लावली की त्या लाइनच्या फ्यूजचा खटका पडायचा. म्हणून इस्त्री बाहेरच्या खोलीत करायची, असा घरात नियम होता.

नवरा गेला त्या दुपारी ती अंडीवाल्याच्या शेडमध्ये टायमर बसवायला गेली होती. घरी मुलगा होता. त्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. ती परत आली तेव्हा मशीन घरघरत होतं, नळी नवऱ्याच्या नाकाला होती आणि नवरा गेलेला होता. मुलगा बनियनवर भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. "मी इथेच होतो," तो म्हणाला होता. "मशीन चालूच होतं. अचानकच झालं, आई." मशीनबद्दल तिने काही विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यावर त्याचा निळा शर्ट पसरलेला होता. एका बाहीला इस्त्री झाली होती. दुसरी चुरगळलेली होती.

तिला सगळं एका ओळीत दिसलं. इस्त्री थंड पडली. याला वाटलं, लाइट गेली. कानात ती गाण्यांची वायर घालून हा खाली जाऊन बसला असेल, लाइट यायची वाट बघत. सव्वा तासाने वर आला, तोवर सगळं संपलं होतं, आणि मग याने खटका वर केला. पलंगाशेजारी जादा सिलिंडर उभा होता, तो कसा लावायचा हे तिने त्याला दोनदा शिकवलं होतं. लाइट गेली की मशीन शिट्टी मारतं, पण त्या शिट्टीची बॅटरी उतरली होती. तिच्या खणात बॅटऱ्यांचा ढीग होता. आज बदलू, उद्या बदलू, करता करता राहून गेलं होतं. ते काम मुलाचं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, आता दिवसच मोजायचे. तेही खरंच होतं. ती मेजाशी बसून राहिली. आता राग यायला हवा, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत राहिलं, तरी राग आला नाही. फक्त बोटं गार पडली होती. तिने ती पदरात गुंडाळली, थोड्या वेळाने उठली आणि टायमर होता तसा, मागे पडलेलाच, पुन्हा आतल्या खोलीत लावून आली.

मुलगा संध्याकाळी आला. हल्ली तो दिवसभर कुठेतरी फिरून यायचा, बाहेरच्या खोलीतच झोपायचा आणि आतल्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. जेवण चिवडून ठेवायचा. डोळे खोल गेले होते.

"सोमवारी रुजू व्हायचंय ना रे?" तिने विचारलं.

परगावची ती नोकरी त्याला मिळाली होती. मुलाखत चुकली, पण साहेबाने वडील गेल्याचं ऐकून पुन्हा बोलावलं होतं.

"मी नाही जात. कळवून टाकतो."

"का?"

"तू एकटी पडशील."

"मी कुठली एकटी? निम्म्या गावाचे टायमर येऊन पडलेत."

"नको म्हटलं ना, आई. मला नकोच ती नोकरी." तो एकदम ओरडला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी इथेच राहतो. इथेच काहीतरी बघतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. याने स्वतःला शिक्षा ठोठावली होती आणि ती तो जन्मभर भोगणार होता, याच घरात, तिच्या डोळ्यांसमोर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या छातीत काहीतरी दुखलं.

"जरा आत ये," ती म्हणाली.

"कशाला?"

"ये म्हटलं ना."

तो उंबऱ्याशी अडखळला, पण आला. दोघं रिकाम्या पलंगावर बसली. खोलीत अंधार व्हायला लागला होता. समोर भिंतीवरचं घड्याळ, त्याच्याखाली टायमर. तो लहान असताना त्या दोघांचा एक खेळ होता. लाइट जाऊन आली की ती विचारायची, "सांग बघू, किती वेळ नव्हती?" तो स्टुलावर चढायचा, मेजावरच्या टायमरची डायल बघायचा, घड्याळ बघायचा, बोटं मोजायचा आणि ओरडून सांगायचा. बरोबर आलं की बाबांकडून एक गोळी मिळायची. तो कधीच चुकत नसे.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग टायमरकडे. त्याची मान तिथेच थांबली. ओठ हलले, जसे मोजताना हलायचे.

"आई," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "आई, त्या दिवशी मी..."

"मोटर गेलीय," ती म्हणाली.

"काय?"

"टायमरची मोटर. जुनी झाली. मागे पडायला लागलीय."

"मोटर मागे पडत नाही. तूच तर नेहमी..."

"पडते कधी कधी. बिस्किटांच्या डब्यातून एक मोटर आण. आणि पेचकस."

तो हलला नाही. अंधारात तिला त्याचं तोंड धड दिसत नव्हतं आणि ते बरं होतं. त्याला बोलू द्यायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण मग ते शब्द या घरात राहिले असते, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. तिच्याकडे फक्त मोटर बदलता येण्याइतकं बळ होतं.

"जा ना रे," ती हळूच म्हणाली. "मला पुन्हा उठायला लावू नकोस."

तो उठला, मोटर घेऊन आला आणि त्याने वरची ट्यूब लावली. तिने टायमर प्लगमधून काढला, चार स्क्रू सोडले, चाकं जपून बाजूला केली, मोटरीच्या दोन वायरी सोडवल्या आणि मोटर त्याच्या तळहातावर ठेवली.

"धर."

त्याने मूठ मिटली. ती दुसरी मोटर बसवत होती. वायरी जोडल्या, चाकं बसवली, झाकण लावलं. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. तो तसाच मूठ मिटून उभा होता.

"आई, ही गरम आहे अजून."

चालती मोटर गरम असते. बंद पडलेली नसते. कारखान्यातल्या मुली पहिल्याच दिवशी हे शिकायच्या, आणि हा तर तिच्याच मेजाखाली रांगला होता.

"असू दे," ती म्हणाली. "पावडरच्या डब्यात टाक."

तो बाहेर गेला. मग डब्यात मोटर पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर तोंड दाबून रडल्याचा. ती त्याच्यामागे गेली नाही. तिने टायमर लावला आणि डायल सावकाश पुढे फिरवत घड्याळाला जुळवली. साडेसहाच्या खुंटीवरून जाताना खट् झालं आणि पलंगावरचा दिवा लागला. तिने वरची ट्यूब बंद केली.

तोंड धुऊन तो दारात येऊन उभा राहिला.

"तुझा तो निळा शर्ट आण," ती म्हणाली. "सोमवारी लागेल. एका बाहीची इस्त्री राहिलीय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि दोघांपैकी कोणीच डोळे खाली घातले नाहीत. मग तो गेला आणि गाठोड्यातून शर्ट शोधून घेऊन आला. तिने मेजावरची हत्यारं बाजूला सारली, जुनी चादर दुमडून पसरली आणि तिच्यावर ती चुरगळलेली बाही सरळ केली. इस्त्री स्वयंपाकघरात होती. ती तिने बाहेर आणली आणि बाहेरच्या खोलीतल्या प्लगला लावली.