घड्याळबाबांचं मरण जेवायला थांबतं

घड्याळबाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना एका लॅपटॉपकडे. काळ्या पडद्यावर लाल आकडे उलटे पळत होते. ज्याचं त्याचं वेगळं घड्याळ. शून्यावर आलं की माणूस संपला म्हणे!

पुढ्यात माझी धाकटी जाऊ, पोट दाबून बसलेली. पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली, आणि तिचं शून्य नेमकं त्याच दिवशी.

"सुरी लागली की खेळ खलास, बाई," बाबा डोळे मिटून म्हणाले. "काळ कुणासाठी थांबत नाही. इथे सेवेला राहा. मी वरून आकडे वाढवून आणतो."

"वरून म्हणजे माळ्यावरून का हो?" मी विचारलं.

"जाऊबाई, गप्प बसा ना! मी ऑपरेशन करून घेणार नाही म्हणजे नाही," जाऊ म्हणाली.

तेवढ्यात बाबांना भूक लागली. लॅपटॉपचं झाकण मिटून ते आत गेले ते चांगले हात चाटूनपुसून आले. झाकण उघडलं. मी शाळेत जेमतेम गेले, पण दूध उतू जायच्या आत गॅसपाशी पोचणारी बाई आहे मी. जाताना जो आकडा होता, तोच आत्ताही होता!

"बाबा, तुम्ही जेवत होतात तोवर हिचं मरणही पंगतीला बसलं होतं का?"

"ती... ती माझी कृपा!"

घरी आल्या आल्या सुनेला सांगितलं. ती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. ती खो खो हसली.

"आई, ही शिकाऊ चूक आहे! दर सेकंदाला एक वजा कर, एवढंच त्या घड्याळाला सांगितलंय. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि वजाबाकीही झोपते. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. खरं तर घड्याळाला संपायची वेळ सांगून ठेवायची. मग जाग आल्यावर ते आत्ता किती वाजले ते बघून उरलेलं काढतं."

कुकर गार होईपर्यंत तिचं घड्याळ तयार. नाव टाका, आकडा टाका, 'सुरू' दाबा. म्हणजे जाऊच्या शून्याची तारीख वरून आलीच नव्हती. जाऊनेच बाबांना सांगितली होती!

दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीत सुनेने आपला लॅपटॉप उघडला, नाव टाकलं 'घड्याळबाबा', वेळ एक मिनिट. लोक मोठ्याने मोजू लागले. बाबांच्या कपाळावर घाम. पाच... चार... बाबांनी झडप घालून झाकण बंद केलं!

सुनेने थोडं थांबून शांतपणे पुन्हा उघडलं. शून्य.

"अगं, श्वास चालू आहे का बघ यांचा!" मी ओरडले.

खोलीत एकच हशा पिकला. जाऊ पोट धरून म्हणाली, "जाऊबाई, हसवू नका, खडे टोचतात. चला, त्या डॉक्टरांकडेच चला."

ते खडे आता बाटलीत आहेत; आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवते.

बायांनो, बाप्यांनो, पडद्यावरचा आकडा बघून घाबरण्याआधी एवढंच विचारा: तो टाकला कुणी?