एप्रन आणि लुगडं

शिक्रापूरच्या एका लॅबमध्ये मी उंदरांचं बीपी मोजते. हसू नका. उंदराला प्लास्टिकच्या नळीत बसवायचं, शेपटीला छोटा पट्टा लावायचा आणि तो निवांत झाला की मशीन सुरू करायचं. निवांत होणं महत्त्वाचं. त्यासाठी आठवडाभर मी त्यांना रोज नुसतंच नळीत बसवत होते.

माझे आकडे एकशे पाच, एकशे दहा. शनिवारी पृथ्वीराज सर स्वतः तपासायला बसले, तर त्याच उंदरांचे एकशे चाळीसच्या वर. नवीन साहेब, पुण्याहून आलेले. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "सुलक्षणा मॅडम, तुम्ही मशीन न लावताच आकडे लिहिता. मी तसा मेल वरिष्ठांना करतोय."

तो मेल गेला असता तर नोकरी गेलीच असती. पण त्याहून जास्त लागलं ते खोटारडी ठरणं. माझं डोकं फिरलं.

"पाठवा सर. पण आधी माझा एप्रन घालून मोजा."

गावी, मांडवगण फराट्याला, आमची म्हैस आईशिवाय कुणाला दूध देत नाही. आई दौंडला मावशीकडे गेली की माझे वडील, आप्पा, तिचं लुगडं नेसून धार काढतात. म्हशीला ओळखीचा वास लागतो. आप्पांना लाज वाटते, म्हणून गोठ्याचं दार आतून लावून घेतात. मी सरांना हे सांगितलं.

"हा गोठा नाही, मॅडम."

"मग मोजायला काय हरकत आहे?"

सकाळपासून माझ्या अंगावर असलेला एप्रन त्यांनी घातला. बाह्या जेमतेम कोपराखाली पोचल्या. मी मुद्दाम बाहेर जाऊन काचेतून बघत उभी राहिले. पहिला उंदीर जरा वळवळला, मग नाक हलवत गप बसला. एकशे आठ. दुसरा एकशे बारा. सहावा मोजून सर बाहेर आले आणि सगळ्यांसमोरच म्हणाले, "माझं चुकलं." मेल त्यांनी माझ्या देखत पुसला.

संध्याकाळी आप्पांना फोन लावला. "आप्पा, तुमच्या लुगड्यानं माझी नोकरी वाचवली." सगळं सांगितलं.

"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"सगळ्या आळीला ठावं हाय, आप्पा."



"मंग हितनं फुडं दार उघडंच ठिवतो," ते म्हणाले. "आत लई उकडतं."